पाण्याखालची उपकरणं निर्यात करण्याआधी स्कोमेट यादीत कशी तपासावी

स्कोमेट म्हणजे निर्यातीआधी परवानगी लागणाऱ्या लष्करी आणि दुहेरी (नागरी व लष्करी) वापराच्या वस्तूंची भारताची यादी. पाणबुडी कोणी कुरियरने पाठवत नाही. अडकतात ते हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन), छोटे आरओव्ही (दुरून चालवायची पाण्याखालची मानवरहित वाहनं), तरंगता फोम आणि ऑप्टिकल कनेक्टर बनवणारे. ‘आमचं गिऱ्हाईक धरणं तपासतं, नौदलाशी संबंध नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. यादी बघते ते उपकरणाचे आकडे. वापर आणि गिऱ्हाईक यांची छाननी त्याशिवाय वेगळी होते.

आधी यादीतला वर्ग ठरवा. खास लष्करासाठी बनवलेली किंवा बदललेली वस्तू सहाव्या वर्गात जाते (युद्धनौका, पाणबुड्या आणि त्यांचं खास साहित्य ६ए००९ खाली) आणि परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. दुहेरी वापराची वस्तू आठव्या वर्गात जाते: सोनार, हायड्रोफोन ८ए६०१, पाण्याखालची वाहनं ८ए८०१. तो अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. भारत डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत (शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यात-नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय गट) आला, म्हणून आठव्या वर्गातले निकष बहुतांशी तिथलेच. सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाने) दिलेला आठ अंकी एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, हा स्कोमेट क्रमांक नव्हे, दोन्ही वेगळे शोधावे लागतात.

हायड्रोफोनची गफलत सगळ्यात जास्त. प्रवेग-भरपाई (हादऱ्यांचा परिणाम वजा करण्याची सोय) नसलेल्या हायड्रोफोनची संवेदनशीलता उणे १८० डेसिबलपेक्षा ‘चांगली’ असेल तर तो यादीत येतो. चांगली म्हणजे शून्याच्या जवळची: उणे १७० अडकतो, उणे १९० या अटीत अडकत नाही. संदर्भ एक व्होल्ट प्रति मायक्रोपास्कल आहे. डेटाशीटवर व्होल्ट प्रति पास्कल असेल तर १२० वजा करा. तिथला उणे ५० म्हणजे इथला उणे १७०. शिवाय मोजमाप प्रीअँप्लिफायरशिवायचं (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटशिवायचं) धरतात. डेटाशीटवर उणे १६५ असून त्यात २६ डेसिबलचा प्रीअँप्लिफायर धरला असेल, तर उघडा सेन्सर उणे १९१ भरतो. ही वजाबाकी न केल्यामुळे विनाकारण परवाना मागणारेही असतात. १००० मीटरपेक्षा खोल चालणाऱ्यांची अट वेगळी आणि बरीच कडक आहे, ती स्वतंत्र वाचा.

मानवरहित वाहनांत खोलीपेक्षा मेंदू महत्त्वाचा. माणसाच्या तत्काळ मदतीशिवाय भौगोलिक संदर्भाने स्वतः मार्ग ठरवणारं, किंवा ध्वनिलहरींवरून डेटा वा आज्ञा घेणारं वाहन ३० मीटरच्या तलावातलं असलं तरी यादीत येतं. केबलवर माणूस चालवतो तो तपासणी आरओव्ही सहसा सुटतो. पण ऑप्टिकल दुवा १००० मीटरपेक्षा लांब असेल तर तोही अडकतो. यंत्र आधी पाठवून ऑटोपायलटचं सॉफ्टवेअर नंतर ईमेलने देणं ही पळवाट नाही, कारण सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. वाहन सुटलं तरी आतले भाग तपासा: १००० मीटरपेक्षा खोल वापरासाठीचा, घनता ५६१ किलो प्रति घनमीटरपेक्षा कमी असलेला सिंटॅक्टिक फोम (पोकळ सूक्ष्म गोळ्यांचा तरंगता फोम) स्वतंत्रपणे नियंत्रित आहे.

अमेरिकी सुटे भाग असतील तर त्यांचा कायदाही सोबत येतो. दुहेरी वापराचे भाग उपकरणाच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत असतील तर साधारणपणे सवलत असते. लष्करी यादीतल्या, म्हणजे आयटारच्या (अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांच्या) भागांना अशी सवलतच नाही. एक स्क्रूएवढा सेन्सरही पुरतो.

अर्ज रखडतो तो बहुधा एंड यूजर सर्टिफिकेटवर (वस्तू कोण आणि कशासाठी वापरणार याच्या लेखी हमीवर). ते अंतिम वापरकर्त्याच्या लेटरहेडवर हवं, मधल्या व्यापाऱ्याच्या नव्हे. वस्तूचं वर्णन, मॉडेल, नग आणि वापर खरेदी ऑर्डरशी अक्षरशः जुळायला हवेत. ऑर्डरवर ‘सेन्सर असेंब्ली’ आणि सर्टिफिकेटवर ‘हायड्रोफोन’ असेल तर शंका येणारच. ती शंका उगाच नाही: जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने १९८० च्या दशकात सोव्हिएत संघाला पाणबुडीचे पंखे (प्रोपेलर) घडवणाऱ्या मिलिंग मशीन विकल्या, तेव्हा कागदोपत्री त्या साध्याच दाखवल्या होत्या. अर्ज आंतर-मंत्रालयीन गटाकडे जातो, त्यामुळे डिलिव्हरीची तारीख परवाना मिळण्याआधी कबूल करू नका.

यादीतली वस्तू परदेशी प्रदर्शनात दाखवून परत आणायची असली, तरी बाहेर नेण्याआधी परवानगी घ्यावी लागते.