शर्यतींच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट: या चुका टाळा

देवगडला आमच्या माजघरातल्या लाकडी कपाटात अजून तीन खण भरून व्हीएचएस कॅसेट आहेत. सगळ्या ॲथलेटिक्सच्या, टीव्हीवरून स्वतः रेकॉर्ड केलेल्या किंवा कुणाकडून मिळवलेल्या. तुमच्याही माळ्यावर अशा पडल्या असतील, तर प्लेअरची वायर लावण्याआधी हे वाचा.

सगळ्यात जास्त कॅसेट जातात त्या ओलीने. कॅसेट हातात घेतली की आधी तिच्या खिडकीतून रिळाची कड उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर ती बुरशी आहे आणि ती कॅसेट मशीनमध्ये जाता कामा नये. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला चिकटते, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते, आणि चिकटलेली टेप फाटते ती वेगळीच. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि हे काम करणाऱ्याकडूनच साफ करून घ्या. उन्हात घालू नका, टेप वाकडी होते. कपाट जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका. ती भिंत जूनपासून ओल धरते. टेप एका टोकापर्यंत गुंडाळा, कॅसेट उभी ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळा संपला की त्या बदला.

चित्रावर मुंग्या आल्या तर लगेच कॅसेटला दोष देऊ नका. दुसरी लावून बघा. सगळ्यांवर मुंग्या असतील तर हेड घाण झालंय. एकाच कॅसेटवर आडवा पट्टा सरकत असेल तर व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवा.

आता एक चूक, जिचं दुःख मला अजून आहे. ३० ऑगस्ट २००३, हरतालिका. घर मुंबईहून आलेल्या माणसांनी भरलेलं. पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अंजू बॉबी जॉर्जने ६.७० मीटर लांब उडी मारून कांस्यपदक मिळवलं. जागतिक ॲथलेटिक्समधलं भारताचं ते पहिलं पदक, आणि ते माझ्या टेपवर आलं होतं. कॅसेटच्या पाठीकडची प्लास्टिकची पट्टी तोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. ती मी तोडली नाही. दीड दिवसाचा गणपती गेला, त्याच संध्याकाळी पोरांनी तिच्यावर सिनेमा रेकॉर्ड केला. त्यांना काय ठाऊक, कॅसेटवर नावही लिहिलेलं नव्हतं. तुमच्या कॅसेटना ही पट्टी अजून असेल तर आजच तोडा, आणि स्पर्धा, तारीख, शर्यत पेनाने लिहा.

लिहिताना तारीख कुठली, तेही बघा. १९९६ चं ऑलिंपिक झालं ते अमेरिकेतलं अटलांटा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. मायकेल जॉन्सनची १९.३२ सेकंदांची २०० मीटर तिथे १ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी झाली, तेव्हा आपल्याकडे २ तारखेची सकाळ होती. मी टायमर १ तारखेला लावला होता. शिवाय रात्री झावळ तारेवर पडून लाईट गेली, तर टायमरचं घड्याळ शून्यावर यायचं. पहाटे आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘लाईट इली रे, घड्याळ लाव!’’

टेप वाचवायला मध्येच रेकॉर्डिंग थांबवणं, ही मात्र मला सगळ्यात मोठी चूक वाटते. दुबईहून मामांनी आणलेल्या एका कॅसेटमध्ये टोकियोच्या १९९१ च्या जागतिक स्पर्धेतली लांब उडी आहे, पण फक्त माइक पॉवेलची ८.९५ मीटरची. त्याआधी कार्ल लुईसने ८.९१ मारली होती, बॉब बीमनच्या १९६८ च्या ८.९० च्या विश्वविक्रमाच्याही पुढे, पण मागून वारा सेकंदाला २.९ मीटर, म्हणजे नियमापेक्षा जास्त असल्याने ती विक्रमात धरली जाणार नव्हती. पॉवेलनंतर लुईसने ८.८७ आणि ८.८४ मारल्या. हे सगळं त्या कॅसेटवर नाही. पॉवेल शेवटपर्यंत का अस्वस्थ होता, ते नुसत्या ८.९५ वरून कळत नाही. म्हणून संगणकावर घेतानाही कापाकापी करू नका. चुकलेल्या उड्या, रिकामी धावपट्टी, समालोचकाचं थांबणं, सगळं येऊ द्या.

संगणकावर घेताना आणखी एक सेटिंग बघा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत चित्र सेकंदाला ५० वेळा रंगतं, दर वेळी अर्ध्या ओळी. अनेक सॉफ्टवेअर त्या जोडून २५ चित्रं करतात आणि पळणाऱ्या पायांना करवतीसारखे दाते येतात. ५० ठेवा. लॉस एंजलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, तिचे ५५.४२, तिसरीचे ५५.४१. उषाच्या सरासरी वेगाने हे अंतर सुमारे ७ सेंटीमीटर होतं. ५० च्या वेगाने घेतलेल्या दोन चित्रांमध्येच ती १४ सेंटीमीटर पुढे जाते, २५ वर घेतलं तर जवळजवळ २९.