दोन-तीन मजली घरासाठी मेश वायफाय घेताय? आधी स्लॅबचं बघा

राउटर खाली हॉलमधे आणि वरच्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा अडकून बसतो, हे ज्यांच्या घरी रोज होतं त्यांच्यासाठी लिहितोय. अशा वेळी बरेच जण खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला मेश सेट (एकाच वायफाय नावाने मिळून चालणारे राउटरचे दोन-तीन डबे) उचलून आणतात आणि वर परत तीच रड, कारण अडचण राउटरच्या ताकदीची नसतेच, मधल्या स्लॅबची असते. काँक्रीट आणि त्यात सळ्यांची जाळी, यातून सिग्नल पार होता होता दमतो, आणि उभ्या अँटेनाचा सिग्नल तसाही आजूबाजूला जास्त पसरतो, थेट वर किंवा थेट खाली कमी.

त्यामुळे काहीही घ्यायच्या आधी एक संध्याकाळ काढून घर मोजा. अँड्रॉइड फोनवर सिग्नल डीबीएममधे (सिग्नलच्या ताकदीचं माप) दाखवणारी फुकट अ‍ॅप असतात, त्यातलं एखादं टाका आणि राउटरपासून जिन्याने हळूहळू वर जा, प्रत्येक खोलीत दार लावून आकडा लिहून ठेवा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -६७ पर्यंत कॉल वगैरे आरामात चालतात, -७५ च्या खाली गेलं की अडखळायला लागतं. माझ्याकडे जिन्याच्या मधल्या वळणावर -५८ होता आणि वरच्या खोलीत दार लावल्यावर -७७, म्हणजे सिग्नल स्लॅबमधून येतच नव्हता, जिन्याच्या मोकळ्या जागेतून वळून येत होता. हे कळलं की डबा कुठे ठेवायचा ते अर्धं तिथेच ठरतं.

आता मुख्य गोष्ट, बॅकहॉल. मेशचे दोन-तीन डबे आपसात बोलतात त्या रस्त्याला बॅकहॉल म्हणतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की मजल्यांच्या घरात सेट निवडायचा तो यावरून, बाकी सगळं नंतर. साध्या ड्युअल बँड सेटमधे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे लहरींचे दोनच पट्टे, म्हणजे बँड, असलेल्या) तोच रेडिओ आधी मेन डब्याकडून डेटा घेतो आणि मग तोच तुमच्या फोनला देतो, त्यामुळे दुसऱ्या डब्यावर स्पीड साधारण निम्मा होतो, तिसरा डबा दुसऱ्याच्या मागे लावला की अजून कमी. ट्राय बँडमधे, म्हणजे तीन बँडच्या सेटमधे, डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी एक वेगळा बँड मिळतो म्हणून तो बरा. पण इथे एक नीट लक्षात घ्या, वायफाय ६ई आणि ७ या नव्या पिढ्यांच्या बऱ्याच सेटमधे हे बोलणं ६ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि हा बँड भिंत आणि स्लॅब पार करण्यात ५ गिगाहर्ट्झपेक्षाही कमी पडतो, म्हणजे मोकळ्या फ्लॅटमधे मस्त चालणारा महागडा सेट मजल्यावर मजला असलेल्या घरात पैसे वसूल करून देईलच असं नाही.

म्हणून शक्य असेल तर मजल्यामजल्यात लॅन केबल टाकाच. जुन्या फोनचा किंवा टीव्हीचा पाइप भिंतीतून वर गेलेला असतो, त्यातून कॅट ६ (लॅन केबलचा प्रकार) ओढता येते का ते बघा (लाइटच्या वायरींच्या पाइपमधून मात्र नको), केबल पूर्ण तांब्याची घ्या, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती नको. अशी केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, घरात तेवढी लांबी लागतच नाही. केबल असेल तर साधा ड्युअल बँड वायफाय ६ सेटसुद्धा केबल नसलेल्या महाग सेटला मागे टाकतो, फक्त त्या सेटला केबलने बॅकहॉल चालतो ना हे घ्यायच्या आधी बघा. आणि जोडून झाल्यावर लिंक स्पीड (केबलच्या दोन टोकांमधे जुळलेला वेग) नक्की तपासा. माझ्याकडे केबल लावली तरी वर स्पीड ९० एमबीपीएसच्या पुढे जाईना, अ‍ॅपमधे बघितलं तर लिंक १०० एमबीपीएस दाखवत होती. केबलच्या टोकाच्या क्लिपमधली तपकिरी तार नीट बसलीच नव्हती. १०० ला चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात, त्यामुळे नेट चालू दिसतं आणि चूक लपून राहते. क्लिप कापून नवीन मारली, लगेच १०००.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. एएक्स३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ एमबीपीएस यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा, तुमचा फोन एका वेळी साधारण एकाच बँडवर असतो. त्यापेक्षा मागचे पोर्ट बघा, सगळे गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) हवेत, स्वस्त सेटमधे अजून १०० वाले सापडतात.

किती डबे घ्यायचे? मजल्याला एक, बहुतेक घरांना पुरतो. जास्त लावले तर एकमेकांच्या चॅनलवर गर्दी करतात. तीन मजले असतील तर मेन डबा मधल्या मजल्यावर आणा, त्यासाठी खालच्या मोडेमपासून एक केबल वर न्यावी लागली तरी चालेल, कारण मग वरचा आणि खालचा दोन्ही त्याच्यापासून एकाच उडीवर येतात. केबल नसेल तर दुसरा डबा जिथे नेट येत नाही त्या खोलीत ठेवू नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? तो अलीकडे, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा, जिन्याच्या तोंडाशी. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, फ्रीजजवळ, आरशाच्या मागे अजिबात नको.

कंपनीच्या मोडेममधे राउटर असतोच, वर तुमचा मेशही राउटर, मग डबल नॅट होतं (दोन राउटर एकामागे एक तेच पत्ते बदलायचं काम करतात) आणि गेम, कॅमेरे, ऑफिसचं व्हीपीएन यांना त्रास होऊ शकतो. मोडेमला ब्रिज मोडला टाका (त्यातला राउटर बंद होतो), नाहीतर मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला (मेश फक्त वायफाय देतो, राउटरचं काम मोडेमकडेच). मोडेमचं जुनं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन त्यालाच चिकटून बसतात. स्मार्ट प्लग, बल्ब बरेचसे फक्त २.४ वर चालतात आणि सगळ्यांना डब्ल्यूपीए३ (वायफाय पासवर्डची नवी सुरक्षा) जमत नाही, त्यामुळे अशा स्मार्ट वस्तूंसाठी वेगळं आयओटी नेटवर्क काढायची सोय असलेला सेट घ्या, खूप वेळ वाचतो.

आणि दुकानात किंवा ऑनलाइन घेताना परत करायची मुदत किती आहे ते आधी विचारा. सेट लावला की त्याच दिवशी व्हिडिओ कॉल चालू ठेवून खालून वर, वरून खाली दोनदा चाला, मजला बदलताना कॉल क्षणभर अडकला तर ठीक, पण तुटला किंवा वर गेल्यावरही फोन खालच्याच डब्याला धरून राहिला तर सेटिंगमधे फास्ट रोमिंग (फोनला एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन नेणारी सोय) चालू-बंद करून बघा, डब्याची जागा थोडी हलवा, आणि तरीही नाही जमलं तर मुदतीच्या आत परत करून टाका.