आयपी हेडर वाचताना माप चुकतं कुठे? या चुका टाळा

लिनक्सवरून ८.८.८.८ ला साधा पिंग मारा आणि वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट टिपून दाखवणारं साधन) ते पॅकेट उघडा. आयपी हेडरचे (पॅकेटच्या सुरुवातीची पत्ते, लांबी वगैरे माहिती) पहिले बारा बाइट हेक्समध्ये साधारण असे दिसतील:

४५ ०० ०० ५४ २३ ६७ ४० ०० ४० ०१ ४५ ८५

पुढचे आठ बाइट म्हणजे दोन पत्ते, इथे १९२.१६८.१.५ आणि ८.८.८.८. झालं वीस बाइटांचं हेडर. ही मांडणी १९८१ च्या आरएफसी ७९१ या मानकात ठरली आणि आजही बहुतांशी तशीच आहे. तरी पार्सर (बाइट वाचून अर्थ लावणारा कोड) लिहिणारे ठरलेल्या जागीच अडखळतात. एवढ्याशा हेडरमध्ये लांबी तीन मापांनी मोजलेली आहे: कुठे चार-चार बाइटांनी, कुठे एकेका बाइटाने, कुठे आठ-आठने.

हेडर वीसच बाइटांचं धरणं

४५ मधला ४ म्हणजे आवृत्ती. ५ म्हणजे हेडरची लांबी, पण चार बाइटांच्या मापात. पाच चोक वीस. या जागेत जास्तीत जास्त १५ मावतो, म्हणून हेडर ६० बाइटांपर्यंत जाऊ शकतं. कोडमध्ये २० असंच लिहून ठेवलं तरी महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. मग एक दिवस ४६ ने सुरू होणारं, ऑप्शन असलेलं पॅकेट येतं आणि ऑप्शनचे चार बाइट टीसीपी पोर्ट म्हणून छापले जातात. पहिल्या बाइटाचे खालचे चार बिट घ्या, चारने गुणा आणि उत्तर २० पेक्षा कमी आलं तर पॅकेट फेकून द्या.

पहिला बाइट भलताच दिसत असेल तर सुरुवातच चुकली आहे. इथरनेटचे १४ बाइट ओलांडायचे, व्हीलॅन (आभासी नेटवर्कचा) टॅग असेल तर १८. टीसीपीडम्प (पॅकेट टिपणारी कमांड) ‘एनी’, म्हणजे सगळ्या इंटरफेसवर चालवला असेल तर इथरनेट हेडर नसतंच. त्याच्या जागी १६ किंवा २० बाइटांचं वेगळं हेडर येतं.

एकूण लांबी: ०० ५४

हेक्समधले ५४ म्हणजे ८४: आयपी हेडर २०, आयसीएमपी (पिंग वापरतो तो प्रोटोकॉल) हेडर ८, डेटा ५६. हा आकडा बाइटांतच आहे आणि त्यात हेडर धरलेलं आहे. इंटेलचं मशीन बाइट उलट्या क्रमाने वाचतं, म्हणून तिथे दोन बाइट सरळ उचलले तर ५४ ०० होतात आणि लांबी २१५०४ निघते. सी मध्ये एनटीओएचएस वापरा; पायथनच्या स्ट्रक्टमध्ये फॉरमॅटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह द्या.

या आकड्याकडे दुर्लक्ष करून फ्रेमच्या शेवटापर्यंत वाचत जाणं ही त्याहून चिवट चूक. इथरनेटला किमान ४६ बाइटांचा मजकूर लागतो. टीसीपीचा रिकामा अ‍ॅक (डेटा नसलेली, फक्त पोच देणारी पॅकेट) ऑप्शन नसेल तर ४० बाइटांत संपतो, उरलेले सहा भरतीचे असतात. ते सहा ‘डेटा’ म्हणून मोजले की सीक्वेन्स नंबरचा हिशेब जुळत नाही आणि माणूस दिवसभर टीसीपीतच दोष शोधत बसतो.

फ्लॅग आणि ऑफसेट एकत्र वाचणं

४० ०० हे सोळा बिट. वरचे तीन फ्लॅगचे, खालचे तेरा ऑफसेटचे, म्हणजे हा तुकडा मूळ पॅकेटमध्ये कुठे बसतो त्याचे. सगळे मिळून वाचले तर ऑफसेट १६३८४ दिसतो. प्रत्यक्षात तो शून्य आहे आणि ‘तुकडे करू नका’ सांगणारा डीएफ फ्लॅग लागलेला आहे.

ऑफसेटचं माप आठ बाइटांचं. १५०० एमटीयूच्या (एका पॅकेटची कमाल लांबी) लाइनवर डीएफ काढून ३००० बाइटांचा पिंग पाठवा: आयसीएमपीचे ३००८ बाइट १४८०, १४८० आणि ४८ असे तुटतात. ऑफसेटच्या जागी दिसतात ०, १८५ आणि ३७०. १८५ म्हणजेच बाइट असं समजून जोडणी केली की तुकडे एकमेकांवर चढतात. आठने गुणून १४८० आणि २९६० घ्या. शिवाय वरच्या थराचं हेडर फक्त पहिल्या तुकड्यात असतं. म्हणून ‘पोर्ट ५३’ असा फिल्टर लावून तुकड्यांत आलेलं मोठं डीएनएस उत्तर पकडायला गेलात तर हाती पहिलाच तुकडा लागतो.

चेकसम

चेकसम म्हणजे बिघाड ओळखण्यासाठीची बेरीज. तो फक्त हेडरचा असतो, डेटाचा नाही. काढताना त्याची जागा आधी शून्य करा, दोन-दोन बाइटांची बेरीज करा, हातचा पुन्हा त्यातच मिळवा आणि शेवटी सगळे बिट उलटे करा. जागा शून्य करायची राहिली की उत्तर हमखास चुकतं. वरच्या पॅकेटवर करून बघा, ४५ ८५ यायला हवं. नॅट (पत्ते बदलणं) नसलेल्या राउटरने ते पुढे धाडलं की टीटीएल (पॅकेटला अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा, इथे ०१ च्या आधीचा ४०) ६४ चा ६३ होतो आणि चेकसम ४६ ८५. त्यामुळे दोन टोकांना चेकसम वेगळा दिसला म्हणून पॅकेट खराब ठरत नाही.

स्वतःच्याच मशीनवरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचे चेकसम चुकीचे दिसले तर लगेच केबल बदलू नका. ते बऱ्याचदा नेटवर्क कार्ड भरतं आणि वायरशार्क पॅकेट त्याआधीच टिपतो. समोरच्या टोकाला पकडून बघा.

हेडरच्या दुसऱ्या, म्हणजे टीओएस बाइटात १८४ दिसला तर ते डीएससीपी (पॅकेटचा प्राधान्य-आकडा) ४६ आहे. शेवटचे दोन बिट ईसीएनचे (गर्दीची सूचना), म्हणून चारने भागायचं.

आयपी आवृत्ती ६

हेडर कायम ४० बाइटांचं, चेकसम नाही. लांबीच्या आकड्यात मात्र ते ४० धरलेले नसतात. आवृत्ती ४ चं कोड उचलून आणणारे इथे हटकून ४० बाइट गमावतात. पुढे एक्स्टेन्शन हेडर असू शकतात, म्हणून ४० ओलांडले की टीसीपीच येईल असं धरू नका. त्यांची लांबी आठ-आठ बाइटांत, पहिले आठ न धरता. फ्रॅगमेंट हेडरला लांबीची जागाच नाही, ते नेहमी आठचं. आणि ऑथेंटिकेशन हेडर पुन्हा चार-चारच्या मापात, वर त्यातून दोन वजा केलेले.