बुटांच्या कंपनीचा शेअर घेण्याआधी तिचं गोदाम बघा

लिंकिंग रोडपासून फिनिक्स पॅलेडियमपर्यंत मुंबईत खेळाच्या बुटांच्या पाट्या पावलोपावली दिसतात. पण पाटी दिसली म्हणजे शेअर मिळेलच असं नाही. नायकी न्यूयॉर्कच्या बाजारात आहे, आदिदास आणि प्यूमा फ्रँकफर्टला, आसिक्स टोकियोला. डेकॅथलॉन कुठल्याच बाजारात नाही. स्केचर्स २०२५ मध्ये थ्रीजी कॅपिटलने विकत घेतली आणि तिचा शेअर बाजारातून गेला. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला लोकांच्या पायांत जे ब्रँड दिसतात, त्यातले बहुतेक आपल्या साध्या डिमॅट खात्यात घेताच येत नाहीत.

म्हणून कागदावर आधी दोन याद्या करा. पहिली इथल्या बाजारातली: कॅम्पस ॲक्टिववेअर, रिलॅक्सो (स्पार्क्स हा तिचा ब्रँड), बाटा इंडिया (पॉवर), रेडटेप, कुर्ल्यात मुख्यालय असलेली मेट्रो ब्रँड्स (क्रॉक्स, फिला आणि फुट लॉकरची दुकानं) आणि जॉकीच्या परवान्यावर चालणारी पेज इंडस्ट्रीज. दुसरी परदेशातली: नायकी, आदिदास, प्यूमा, अंडर आर्मर, लुलुलेमन, ऑन, होका बनवणारी डेकर्स. या दोन याद्या एकमेकींसमोर ठेवू नका. त्यांचं चलन, कर आणि ग्राहक सगळंच वेगळं आहे.

एकाच धंद्यातल्या दोघांची तुलना करा

एका यादीतही धंदे वेगवेगळे असतात. कॅम्पस आणि रिलॅक्सो स्वतःच्या कारखान्यात माल बनवतात आणि बराचसा वितरकांमार्फत विकतात. मेट्रोचा कारखानाच नाही, ती मुळात दुकानदार आहे. पेज परवान्याचा ब्रँड स्वतः शिवून विकते आणि विक्रीवर रॉयल्टी भरते. नायकी-आदिदास डिझाइन आणि जाहिरात करतात, बूट दुसऱ्यांच्या कारखान्यात बनतात. नायकीचे जवळपास निम्मे बूट व्हिएतनाममधून येतात. त्यामुळे २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने व्हिएतनामच्या मालावर ४६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर सुमारे १४ टक्क्यांनी पडला. पुढे शुल्क २० टक्क्यांवर आलं, पण माल कुठून येतो हे खरेदीआधी बघायला हवं, एवढं त्यातून कळलं.

दुकानदार कंपनी आणि वितरकांमार्फत विकणारी कंपनी यांची तुलना करताना हमखास एक चूक होते. बातम्यांत 'एबिटडा मार्जिन' (व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा विक्रीच्या किती टक्के, ते) छापून येतं आणि दुकानदार कंपनीचा आकडा भलताच जाड दिसतो. कारण इंड-एएस ११६ हा हिशेबाचा नियम. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचं भाडं आता 'भाडं' म्हणून खर्चात दिसत नाही. ते घसारा आणि व्याजात विभागलं जातं, आणि एबिटडा तर या दोन्हींच्या आधी मोजतात. पैसा मात्र दर महिन्याला मालकाकडे जातोच.

दुरुस्ती सोपी आहे. रोकड प्रवाहाच्या तक्त्यात वित्तपुरवठ्याच्या भागात भाडेपट्ट्याची मुद्दल आणि व्याज किती भरलं ते लिहिलेलं असतं. ते एबिटडातून वजा करा. समजा दुकानदार कंपनीची विक्री १,००० कोटी, एबिटडा २८० कोटी आणि भाडेपट्ट्यापोटी गेलेली रोकड ११० कोटी. उरले १७०, म्हणजे १७ टक्के. समोरच्या कारखानदार कंपनीचा एबिटडा १८ टक्के आणि भाडं विक्रीच्या १ टक्का असेल, तर तिचेही १७. छापील २८ विरुद्ध १८ हा फरक कागदावरचाच होता.

साठा: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

या धंद्यात वाईट बातमी नफ्याआधी गोदामात येते, म्हणून आमचा सगळा भर साठ्यावर आहे.

बुटाचा माल साबणासारखा नसतो. एका मॉडेलचे सहा ते अकरा नंबर, दोन-तीन रंग. आधी सात, आठ, नऊ नंबर उठतात. मग सेट तुटतो, आणि मागे राहिलेले सहा आणि अकरा नंबर पूर्ण भावाने कुणी नेत नाही. शिवाय नवा रंग आला की जुना शिळा. पॉलियुरेथेनचा सोल तर नुसता पडून राहिला तरी दमट हवेत हळूहळू कमकुवत होतो आणि पुढे त्याचा चुरा पडतो. मुंबईत चार पावसाळे डब्यात काढलेले बूट ज्यांनी बाहेर काढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून अडकलेला माल म्हणजे उद्याची सूट, आणि सूट म्हणजे परवाचा घटलेला नफा.

हिशेब असा करा. ताळेबंदातून 'इन्व्हेंटरीज'चा आकडा घ्या. नफातोट्याच्या पत्रकातून कच्च्या मालाचा खर्च, तयार मालाची खरेदी आणि साठ्यातला बदल या तीन ओळींची बेरीज करा (तिसरी ओळ कधी उणे असते, चिन्ह सांभाळा). साठ्याला या बेरजेने भागा आणि ३६५ ने गुणा. साठा १२० कोटी आणि मालाचा खर्च ४८० कोटी असेल तर साधारण ९१ दिवसांचा माल. साठा १२५ आणि खर्च ३०० असेल तर १५२ दिवसांचा. दुकानदार कंपनीला प्रत्येक दुकानात पूर्ण सेट ठेवावा लागतो, त्यामुळे तिचे दिवस मुळातच जास्त असतात. म्हणून आधी त्याच कंपनीचे मागच्या पाच वर्षांचे दिवस एका ओळीत लिहा. एखाद्या वर्षी विक्री ८ टक्क्यांनी आणि साठा ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर तिथे थांबा आणि कारण शोधा.

दोन खाचखळगे लक्षात ठेवा. भारतीय कंपन्यांना ताळेबंद वर्षातून दोनदाच द्यावा लागतो, मार्च आणि सप्टेंबरचा. जून आणि डिसेंबरच्या निकालांत साठा दिसत नाही. दुसरं, सप्टेंबरमध्ये दिवाळीचा माल भरलेला असतो, त्यामुळे सप्टेंबरची तुलना मार्चशी करून घाबरू नका. सप्टेंबर गेल्या सप्टेंबरशीच मोजा.

साठा काय करतो याचा धडा नायकीने २०२२ मध्ये दिला. ऑगस्टअखेरच्या तिमाहीत तिचा साठा ४४ टक्क्यांनी वाढून ९.७ अब्ज डॉलरवर गेला, एकट्या उत्तर अमेरिकेत ६५ टक्क्यांनी. आधी जहाजं उशिरा आली, मग पुढच्या ऑर्डर लवकर पोहोचल्या, आणि दोन हंगामांचा माल एकदम गोदामात आला. विक्री वाढलेली होती, तरी सूट देऊन माल काढावा लागणार हे बाजाराला कळलं आणि शेअर एका दिवसात सुमारे १३ टक्क्यांनी पडला.

उधारी

साठा कमी दिसतोय म्हणून लगेच खूश होऊ नका. तो वितरकाच्या गळ्यातही मारलेला असू शकतो. त्यासाठी येणं बाकी भागिले विक्री गुणिले ३६५ करा. उधारीचे दिवस ५० वरून ७५ झाले आणि विक्री जोरात वाढली, तर तिमाही संपताना माल घाईने पुढे ढकलल्याचा संशय धरायला जागा आहे. अंडर आर्मरने २०१५ च्या उत्तरार्धापासून सहा तिमाह्यांत एकूण ४०.८ कोटी डॉलरच्या पुढच्या ऑर्डर आधीच्या तिमाहीत ओढल्या, असं अमेरिकी बाजार नियामकाचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ९० लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं.

पडताळणीसाठी तीन वर्षांचा निव्वळ नफा आणि तीन वर्षांची कामकाजातून आलेली रोकड यांच्या बेरजा शेजारी ठेवा. भाडेपट्ट्याची रक्कम इथेही वजा करायची. नफा १०० आणि रोकड ५० असेल तर उरलेले ५० एक तर गोदामात आहेत, नाही तर वितरकाकडे.

ढोबळ नफा आणि माणसांचा धोका

आदिदासचा २०२४ चा ढोबळ नफा (विक्रीतून फक्त मालाचा खर्च वजा करून उरतो तो) विक्रीच्या ५०.८ टक्के, नायकीचा मे २०२४ अखेरच्या वर्षाचा ४४.६ टक्के. यावरून आदिदास जास्त कमावते असं म्हणणं घाईचं आहे. नायकी गोदामाचा खर्च मालाच्या खर्चात धरते, आदिदासचा वितरणाचा खर्च त्याच्या खालच्या ओळीत येतो. कामकाजाच्या नफ्याची टक्केवारी पडताळा, तीच बरोबरीची. वर्षंही वेगळी आहेत: नायकीचं ३१ मेला संपतं, आदिदासचं डिसेंबरला, अंडर आर्मरचं आपल्यासारखं मार्चला.

एका नावावर किती विक्री टांगलेली आहे, हेही बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने रॅपर कान्ये वेस्टसोबतचा यीझी बुटांचा करार तोडला आणि २०२३ साली तिला निव्वळ तोटा दाखवावा लागला. आणि माल कुठल्या दुकानात जातो, तेही. नायकीने काही वर्षं इतरांच्या दुकानांतून हात काढून स्वतःच्या ॲप आणि दुकानांवर भर दिला. रिकाम्या फळ्यांवर होका आणि ऑन बसले. २८ जून २०२४ ला नायकीचा शेअर एका दिवसात २० टक्क्यांनी पडला, आणि त्या ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख बदलले.

भारतात सरकारी नियम तितकेच महत्त्वाचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग असतील तर १८. आधी १,००० ते २,५०० च्या मधल्या बुटांवरही १८ टक्के होता. ज्या कंपनीचा माल या पट्ट्यात आहे तिला फायदा मोठा. दुसरा नियम बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राचा, १ ऑगस्ट २०२४ पासूनचा. आयात मालावर चालणाऱ्या ब्रँडना तो जाचतो, देशात बनवणाऱ्यांना सोयीचा पडतो.

दुकानात काय विचारायचं

धोबी तलाव, दादर, ठाण्याचा एखादा मॉल अशी तीन ठिकाणं ठरवा आणि वर्षातून चार वेळा तिथेच जा. जानेवारी आणि जुलैचे सेल टाळा, तेव्हा सगळेच सूट देतात. अनेक ब्रँड ठेवणाऱ्या दुकानात विचारा: नव्या मॉडेलचा आठ नंबर आहे का, नसेल तर किती दिवसांत येतो, न उठलेला माल कंपनी परत घेते का, उधारी किती दिवसांची. चौथ्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. तिसऱ्याला मिळतं, आणि बरंच काही सांगून जातं. सेल नसताना भिंतीवरचे किती बूट सवलतीत आहेत ते मोजा. रस्त्यावर कोणत्या ब्रँडची 'फर्स्ट कॉपी' जास्त आहे तेही बघा, नक्कल मागणी असलेल्याचीच होते.

मात्र कॅम्पससारख्या कंपनीची ताकद उत्तरेत आणि लहान शहरांत आहे. वांद्र्याच्या दुकानात ती दिसली नाही, यावरून काहीच ठरवू नका.

भाव

मे २०२२ मध्ये २९२ रुपयांना आलेला कॅम्पसचा शेअर त्याच वर्षी ६०० च्या वर गेला आणि २०२४ च्या सुरुवातीला इश्यूच्या भावाखाली आला. चांगली कंपनीही महाग घेतली की काय होतं, ते या गणितात बघा. भाव ३००, प्रतिशेअर नफा ४ रुपये, म्हणजे पी-ई (भाव भागिले प्रतिशेअर नफा) ७५. नफा पाच वर्षं दरवर्षी २० टक्क्यांनी वाढला तर तो सुमारे ९.९५ रुपये होतो. तेव्हा बाजाराने ३० चा पी-ई दिला तर भाव २९९. कंपनीने सगळं नीट करूनही पाच वर्षांत हाती शून्य. तुलनेतल्या दोन्ही कंपन्यांसाठी हे गणित ३० आणि ४५ अशा दोन पी-ईंनी करा. जिथे ३० नेही मुदत ठेवीइतकं सुटतं, तिथे आधी जा.

परदेशी शेअर घेताना

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. बहुतेक ॲपवर फक्त अमेरिकी बाजार मिळतो, म्हणजे नायकी, डेकर्स, ऑन मिळतील, फ्रँकफर्टची आदिदास नाही. नायकीच्या लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के कर जातो. विक्रीवर २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के कर, त्याआधी तुमच्या टप्प्याप्रमाणे. इथल्या नोंदणीकृत शेअरना हीच मर्यादा १२ महिन्यांची आहे, आणि दीर्घ मुदतीचा १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त.

परदेशी शेअर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावेच लागतात, आणि तिथे हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा असतो, एप्रिल ते मार्चचा नव्हे. अनेकांची चूक इथेच होते. शिवाय अमेरिकी शेअरची किंमत ६०,००० डॉलरच्या वर असताना मालकाचा मृत्यू झाला तर वारसांसमोर अमेरिकेचा मालमत्ता कर उभा राहतो. मोठी रक्कम घालणाऱ्याने हे घरी आधीच सांगून ठेवावं.

रक्कम तीन भागांत घाला: एक आता, दुसरा पुढच्या ताळेबंदानंतर, तिसरा त्याच्या पुढच्या. इथल्या कंपन्यांचा मार्चचा ताळेबंद मेअखेरपर्यंत येतो, सप्टेंबरचा १४ नोव्हेंबरपर्यंत. नोव्हेंबरचा जास्त कामाचा. तोवर दिवाळी बहुधा उरकलेली असते, आणि सप्टेंबरअखेर भरलेला माल खरंच उठला का, हे त्याच आठवड्यात धोबी तलावला जाऊन बघता येतं.