जुन्या प्रोजेक्टरवर मूकपटाचा जाहीर खेळ कसा लावावा

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात मूकपट घडवले आणि १९२९ मध्ये प्रभातची सुरुवातही याच गावात झाली. अशा गावात मूकपट दाखवताना पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळताना दिसू लागली, तर तो त्या कलावंतांवर अन्याय होतो. ती माणसे मुळात तशी पळत नव्हती; सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या आसपास चित्रित झालेली फिल्म आपण बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चालवतो, म्हणून ती पळतात. खेळाची सारी तयारी या वेगाभोवतीच करावी.

हौशी मंडळांनी १६ मिमी रुंदीच्या फिल्मचेच मशीन घ्यावे. जुनी ३५ मिमी फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या पट्टीची, असू शकते. ती एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे नायट्रेटची प्रत सापडल्यास ती न चालवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. १६ मिमी फिल्म मात्र १९२३ पासून सुरक्षित पट्टीवरच निघत आली आहे. मशीन घेताना त्याला मूकपटाच्या वेगाची कळ आहे का आणि शटरला (प्रकाश अडवत फिरणाऱ्या चकतीला) तीन पाती आहेत का, हे आवर्जून पाहावे. १६ चौकटींच्या वेगाला तीन पात्यांमुळे सेकंदाला ४८ वेळा प्रकाश पडतो आणि चित्र स्थिर वाटते; दोनच पाती असतील तर ३२ वेळाच पडतो आणि प्रेक्षकांचे डोळे दुखू लागतात. मशीन अमेरिकन असेल तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल, पण ट्रान्सफॉर्मरने विजेची वारंवारता बदलत नाही, म्हणून ६० हर्ट्झसाठी बनवलेली काही मशीन्स आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर २४ ऐवजी २० चौकटींनी चालतात. अनेक मूकपटांना हा वेग चांगलाच मानवतो; फक्त मोटर जास्त तापत नाही ना, हे तालमीत पाहून घ्यावे.

प्रत हाती आली की ती आधी हाताने फिरवायच्या रिळांवर उलगडून तपासावी. मऊ सुती हातमोजा घालून फिल्मच्या कडा दोन बोटांत हलक्या धरल्या, तर कडेचे फाटलेले भोक किंवा सुटलेला जोड लगेच बोटाला लागतो. आंबट वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे, असे समजावे. त्यानंतर १०० चौकटींची लांबी मोजावी. ती मूळची ७६२ मिमी असते आणि सुमारे ८ मिमीने आखडली असेल, तर ती प्रत मशीनवर चढवू नये. भोके एकाच बाजूला असतील, तर दोन्ही बाजूंना दाते असलेल्या जुन्या मूकपटाच्या मशीनवर ती फिल्म लावली की दाते चित्राच्या किंवा ध्वनिपट्टीच्या बाजूला थेट भोके पाडतात. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे आज उरले आहेत, हे ध्यानात ठेवले की तपासणीतला हा वेळ जड वाटत नाही.

फिल्मची वाट साफ करताना लोखंडी वस्तू वापरू नये. बांबूची काडी आणि स्वच्छ सुती कापड पुरते. फिल्म ओवल्यावर गेटच्या (फिल्म दिव्यासमोर थांबते त्या खिडकीच्या) वर आणि खाली दोन्ही लूप, म्हणजे फिल्मचे वळसे, पुरेसे सैल ठेवून मशीन हाताने काही वेळा फिरवावे आणि लूप तसेच राहतात याची खात्री करूनच मोटर सुरू करावी. वेग कमी असला की प्रत्येक चौकट दिव्यासमोर जास्त वेळ थांबते आणि जास्त तापते, म्हणून दिवा गरजेपुरताच प्रखर ठेवावा. ४०० फुटी रीळ १६ चौकटींनी सुमारे १६ मिनिटे ४० सेकंद चालते, २४ ने फक्त ११ मिनिटे. कार्यक्रमाचे वेळापत्रक या हिशेबानेच आखावे.

दोन इंची लेन्सने १० मीटरवरून साधारण १.९ मीटर रुंद चित्र पडते. त्यामुळे दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारख्या जागी सभागृह पूर्ण अंधारे करावे आणि प्रेक्षक पुढच्या रांगांत बसवावेत. चित्रपटाचे प्रमाणपत्र, प्रतीच्या मालकाची लेखी संमती आणि स्थानिक परवाने आधीच हातात असावेत.

वादकांची तालीम मूळ प्रतीवर घेऊ नये; डिजिटल प्रतीवर घ्यावी, पण तीही खेळाच्याच वेगाने लावावी, नाहीतर ऐन खेळात पेटी-तबला चित्राच्या पुढे धावतो. चित्रांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इंग्रजीत असतील तर त्यांचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचणारा एक माणूस पडद्याच्या बाजूला लहान दिवा घेऊन उभा करावा. पाटी दिसताच त्याने सुरुवात करावी आणि ती जाण्याआत वाक्य संपवावे. भाषांतर त्या मापाने आटोपशीर करून घ्यावे.

खेळ संपल्यावर दिवा बंद करून पंखा काही मिनिटे चालूच ठेवावा, मशीन पूर्ण थंड झाल्यावरच हलवावे आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन फिल्म कोरड्या, थंड जागी आडवी ठेवावी.