लार्ज फॉरमॅट आणि घरी फिल्म धुणं: सुरुवातीच्या या चुका टाळा

लार्ज फॉरमॅट, म्हणजे सुट्या मोठ्या शीटवर फोटो घेणारा कॅमेरा; त्याची पहिली ४×५ इंचांची फिल्मची शीट टाकीतून काढली आणि ती काचेसारखी कोरी निघाली, की बहुतेकांचा संशय डेव्हलपरवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनावर जातो. बाटली जुनी असेल, तापमान चुकलं असेल. माझा अनुभव असा, की डेव्हलपर क्वचितच दगा देतो. चूक त्याच्या बरीच आधी, अंधारात होल्डर (शीट प्रकाशापासून झाकून ठेवणारी चपटी चौकट) भरताना किंवा कॅमेऱ्यामागच्या गडबडीत झालेली असते. ती नेमकी कुठे झाली हे निगेटिव्हच सांगतं, फक्त त्याच्या कडा बघायची सवय लावून घ्यायला हवी.

होल्डर भरताना

होल्डरच्या दोन्ही बाजूंना बारीक खोबण असते आणि शीट तिच्याखालून सरकते. शीट उभी धरून तिच्या कडेला कापलेल्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, तुमच्याकडे असतं. अंधारात डोळ्यांचं काम उजव्या हाताचं पहिलं बोट करतं: खाचा त्याच्याखाली ठेवायच्या आणि शीट सरकवताना दोन्ही कडांना सारखाच हलका अडथळा लागतोय का ते जाणून घ्यायचं. एकच कड घासत असेल, तर दुसरी खोबणीच्या वर आलेली आहे. डार्क स्लाइड (शीटवरचं सरकतं झाकण) लावण्याआधी शीट नखाने किंचित उचलून बघा. ती उचलली जाता कामा नये.

शीट उलटी भरली, तर प्रकाश मागच्या थरातून गाळून येतो आणि निगेटिव्ह फार फिकं, शिवाय डावं-उजवं बदललेलं मिळतं. एक शीट सरावासाठी बळी द्या. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात. मी सलग तीन संध्याकाळी एवढंच केलं होतं, आणि त्या वेळेचा मला आजही पश्चात्ताप नाही.

डार्क स्लाइडच्या मुठीची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म ताजी, काळी बाजू बाहेर म्हणजे वापरलेली. पांढऱ्या बाजूला बोटाला जाणवतील असे उंचवटे असतात, ते याचसाठी. हा नियम एकदा चुकला की एका शीटवर दोन चित्रं बसतात. माझ्याकडे अशी एक आहे: झाडाच्या खोडातून एक खिडकी उगवलेली. दोन्ही फोटो मला हवे होते.

कॅमेऱ्यामागे

फोकस झाला की शटर बंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लावलं, शटर कॉक केलं (खटका ताणून तयार ठेवला), मग होल्डर आत, मग स्लाइड बाहेर. हा क्रम कधीच मोडू नका, कोणी समोर ताटकळत उभं असलं तरी. दुधी काचेवर बघण्यासाठी शटर उघडं ठेवलेलं असतं. ते तसंच राहिलं आणि स्लाइड ओढली, की शीट गेली. होल्डर आत सारताना मागचा भाग हलतो, म्हणून सगळे स्क्रू आधी आवळा.

भात्याचा, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधल्या घडीच्या पडद्याचा हिशेब मात्र नवख्यांना कोणी सांगत नाही. १५० मिमीची लेन्स दूरच्या डोंगराला साधारण १५० मिमीवरच असते. जवळच्या चेहऱ्यासाठी भाता २१० मिमीपर्यंत ओढलात, तर प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) वाढवावा लागतो. ३०० मिमीला दोन स्टॉप. भात्याची लांबी भागिले लेन्सची लांबी, आणि आलेल्या आकड्याचा वर्ग. खिशात टेप ठेवा. एक सेकंदाच्या वरच्या एक्स्पोजरलाही भरपाई लागते: एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मवर प्रकाशाच्या मीटरने १० सेकंद सांगितले, तर सुमारे २० द्यायचे, ३० सांगितले तर ८६.

धुताना

एचपी५ला आयडी-११ या डेव्हलपरच्या पातळ न केलेल्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. पाणी कोमट असेल तर वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो, आणि इतक्या कमी वेळात आकाशावर पट्टे उमटतात. मी त्यापेक्षा १:१ पातळ करून घेतो: २० अंशांना १३ मिनिटं, २४ला साधारण ९. फिल्म आत टाकल्यावर पहिली तीस सेकंदं सतत हलवा. डागांचा निकाल तिथेच लागतो.

ट्रेमध्ये धुणार असाल तर सुरुवातीला दोनच शीट्स घ्या. आधी साध्या पाण्यात एकेक बुडवा, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात. ओलं इमल्शन सायीइतकं मऊ असतं, शेजारच्या शीटचा कोपराही त्यावर ओरखडा काढतो. ऑर्थो प्लससारखी ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न टिपणारी) फिल्म गडद लाल दिव्यात धुता येते आणि चित्र उमटताना दिसतं. शिकण्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

शीट दुधाळ दिसली तर फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, कमी पडला आहे. परत फिक्सरमध्ये टाका, उजेडातही चालतं. जांभळट छटा उरली तर मागच्या थरातला रंग पुरता सुटलेला नाही. फिक्सर ताजा असेल तर पाण्याने आणखी धुतल्यावर ती बहुधा जाते.

आता कडा बघा

होल्डरच्या खोबणीखाली झाकलेली कड कॅमेऱ्यात प्रकाशापासून सुरक्षित असते. म्हणून कड स्वच्छ आणि मधलं चित्र धुरकट असेल, तर प्रकाश कॅमेऱ्यात शिरला: भात्याला भोक आहे किंवा लेन्सचा बोर्ड नीट बसलेला नाही. अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून बाहेरून घड्यांचे कोपरे तपासा. धुरकटपणा एका कडेवरून आत शिरलेला असेल, तर होल्डर गळतोय. सगळ्या कडाही काळ्या असतील, तर भरताना किंवा धुताना प्रकाश आला. अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं नुसते बसा, दाराखालची फट तोवर दिसू लागेल.

शीट पूर्ण कोरी असेल तर शटर कॉक झालं नव्हतं किंवा स्लाइड ओढलीच नव्हती. सावल्या रिकाम्या पण उजळ भाग ठीक असतील, तर एक्स्पोजर कमी पडलं. सावल्यांत तपशील आहे आणि एकूण चित्र मिळमिळीत आहे, तर डेव्हलपरमधला वेळ वाढवा.

प्रत्येक होल्डरच्या दोन्ही बाजूंना नंबर घाला आणि वहीत शीटपुढे लिहा. तोच डाग ४ ब वर तिसऱ्यांदा आला, की होल्डर ४ कोणाला न देता बाजूला ठेवा. आणि काळी पडलेली शीट टाकू नका, होल्डर भरायच्या सरावाला तीच घ्या.