बरेच महिने पडून राहिलेला लॅपटॉप आणि त्याची बॅटरी: या चुका टाळा

जुना लॅपटॉप कपाटात ठेवताना मी तो १०० टक्के चार्ज केला होता. नऊ महिन्यांनी काढला तर चार्जर काढल्यावर तासभरही टिकेना. म्हणजे काळजी घेतली म्हणून जे केलं, तीच चूक होती.

बॅटरीतला प्रत्येक लिथियम-आयन सेल फुल असताना साधारण ४.२ व्होल्टवर असतो. एवढ्या व्होल्टेजला लॅपटॉप बंद असला तरी आत हळूहळू रासायनिक क्रिया चालू राहते, थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं आणि तेवढी क्षमता जाते. उष्णता असेल तर हे सगळं झपाट्यानं होतं. तापणाऱ्या माळ्यावर फुल चार्ज करून ठेवलेला लॅपटॉप म्हणजे दोन्हीकडून मार. ४० ते ५० टक्क्यांवर आणून, पूर्ण शटडाउन करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. नुसतं झाकण मिटलं तर तो स्लीपमध्ये राहतो आणि काही दिवसांतच रिकामा होतो. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं.

रिकामी ठेवणं तर त्याहून वाईट. सेल आपोआप थोडा उतरतो, शिवाय बॅटरीतलं सर्किटही किंचित वीज खातं. व्होल्टेज २ च्या खाली गेलं की आतली तांब्याची पट्टी विरघळायला लागते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलतीकडे जमून शॉर्ट होऊ शकतं. म्हणूनच अशा बॅटरीला सर्किट चार्जिंग नाकारतं. बाहेरून वायर लावून तिला ‘उठवण्याचे’ व्हिडिओ दिसतात. तो खेळ आगीशी आहे.

चार्जर लावण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय? टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही? बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती काढून ई-कचऱ्यात द्यायची, घरच्या कचऱ्यात नाही.

फुगलेली नसेल तर चार्जर लावल्यावर पाच मिनिटांत ‘मेली’ म्हणू नका. खूप उतरलेल्या सेलला आधी अगदी कमी करंट दिला जातो, तेवढा वेळ आकडा हलत नाही. तासभर थांबा.

आणि पहिल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही कमांड (अर्थात रोमन लिपीत) दिली की एक रिपोर्ट फाइल तयार होते. ती उघडली की डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता फुल चार्जला मावते ती) दोन्ही दिसतात. माझ्याकडे ५०,००० मिलीवॉट-तासांपैकी ३१,००० उरले होते. पण फुल चार्ज कपॅसिटीचा आकडा हा बॅटरीतल्या चिपचा अंदाज असतो आणि पडून राहिल्यावर तो चुकतो. फुल चार्ज, दोनेक तास तसंच, मग वापरून ५ टक्क्यांपर्यंत उतरवणं, पुन्हा सलग फुल, असं दोनदा केलं. आकडा ३७,००० झाला. उरलेले १३,००० खरेच गेले होते, त्यावर इलाज नाही.

आता तो ५० टक्क्यांवर ठेवलाय, आणि दर तीन महिन्यांनी तपासायची आठवण फोनमध्ये लावली आहे.